परभणीच्या उन्हाळ्यात रॅक सर्व्हर: आवाजही नको, तापणंही नको

अभ्यासिका_परभणी:

परभणीत माझी अभ्यासिका आहे. नीट आणि एमपीएससीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत बसतात, बहुतेक आसपासच्या खेड्यांतून आलेली. इथलं नेट दुपारी कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून शिक्षकांनी रेकॉर्ड केलेले तास मी अभ्यासिकेतल्याच सर्व्हरवर ठेवते. मुलं आतल्या वायफायवरून हेडफोन लावून बघतात. नेट गेलं तरी कुणाचा तास बुडत नाही. ही सोय मला काहीही करून चालू ठेवायची आहे.

सर्व्हर डेलचा पॉवरएज आर720, टू-यू (रॅकच्या दोन खणांइतकी उंची), सेकंडहँड. दोन झिऑन ई5-2650, 64 जीबी रॅम, साडेतीन इंची आठ डिस्क. सगळ्यांनी एकदम व्हिडिओ लावले तरी अडू नये म्हणून दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड बाजारातून घेऊन बसवलंय. ते डेलचं नाही.

सर्व्हरची खोली हॉलला लागूनच आहे, आठ बाय सहा फुटांची. वर उघडा स्लॅब, पश्चिमेची भिंत दुपारनंतर हात लावू देत नाही. दार बंद ठेवलं की आत भट्टी, उघडं ठेवलं की सगळा आवाज हॉलमध्ये. तो आवाज नुसता मोठा नाही, बारीक आणि तीक्ष्ण आहे. मागच्या रांगेत बसणारी एक मुलगी कानात कापूस घालून पाठांतर करते. तिची परीक्षा जवळ आली आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

आयड्रॅकमध्ये (सर्व्हरवर नजर ठेवणारी डेलची आतली यंत्रणा) दिसलेले आकडे देते. दुपारी चारला: इनलेट (आत शिरणारी हवा) 39 अंश, सीपीयू 59 आणि 61, पंखे मिनिटाला 9,400 फेऱ्यांच्या आसपास, वीज 238 वॅट. रात्री दोनला: इनलेट 31, सीपीयू 47, पंखे तरीही 9,000 च्या वर. रात्री सीपीयूवर काहीच भार नसतो.

गावात तीन सल्ले मिळाले. एक, दीड टनाचा एसी बसवा. दोन, कूलर थेट रॅकसमोर लावा. तीन, पंख्यांच्या वायरमध्ये रेझिस्टर टाकून स्पीड पाडा. एसीचा खर्च मुलांच्या फीमधून काढणं मला पटत नाही, आणि लाईट गेली की तो इन्व्हर्टरवर चालणारही नाही. बाकी दोन्हींबद्दल माहितगार माणसांचं मत हवंय.

नांदेड_केबलवाला:

ताई, कूलर रॅकसमोर लावू नका, हात जोडून सांगतो. आमच्या हेडएंडला (केबलच्या मुख्य केंद्रात) एका उन्हाळ्यात हाच उद्योग झाला होता. कूलरला बोअरचं पाणी. पाऊस पडल्यावर स्विचचं झाकण काढलं तर आत सगळीकडं पांढरा क्षाराचा थर, पोर्टच्या पिना हिरव्या पडलेल्या. गवतातून उडणारे थेंब डोळ्याला दिसत बी नाहीत, पण पंखा ते ओढून घेतोच. वर कूलरच्या वाऱ्यासंगं धूळ बी येती आणि ओल्या फिनवर (धातूच्या पातळ पट्ट्यांवर) चिकटून बसती.

परभणीत जिनिंगचा हंगाम सुरू झाला की कापसाचे तंतू हवेत असतेत, ते तुम्हाला सांगायला नको. एकदा सर्व्हर बंद करून झाकण उघडून बघा. हीटसिंकच्या (प्रोसेसरवरचा उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) पुढच्या तोंडावर तंतूंची गादी बसलेली असेल तर आधी ती काढा, मग बाकीचं बोलू. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, मोकळा सोडायचा नाही. जोरात उलटासुलटा फिरला की बेअरिंग जातंय.

वाळूज_मेंटेनन्स:

ताई, तुम्ही आकडे दिलेत म्हणून नेमकं बोलता येतंय. तुमच्याकडे दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि त्या एकच आहेत असं धरलं तर दोन्ही सुटणार नाहीत.

पहिली भानगड आवाजाची. रात्री दोनला इनलेट 31, सीपीयू 47 आणि पंखे 9,000 वर. म्हणजे पंखे उष्णतेमुळे पळत नाहीयेत, ते त्या नेटवर्क कार्डामुळे पळतायत. डेलच्या स्वतःच्या कार्डाला किती हवा लागते हे आयड्रॅकला माहीत असतं. बाहेरचं कार्ड किती तापतंय हे कळायला त्याच्याकडे मार्ग नसतो, म्हणून ते सगळ्यात वाईट परिस्थिती धरून पंखे चढवून ठेवतं. तुमच्या पिढीच्या सर्व्हरमध्ये ही खबरदारी बंद करता येते. सर्व्हरवर लिनक्स असेल तर आयपीएमआयटूल (आयड्रॅकला थेट हुकूम देणारा प्रोग्राम) टाका आणि रॉ कमांड द्या: 30 सीई 00 16 05 00 00 00 05 00 01 00 00. प्रत्येक जोडीच्या आधी शून्य-एक्स लावायचं. शेवटून तिसरा जो 01 आहे तो 00 केला की पुन्हा पहिल्यासारखं. त्यानंतर एक दिवस त्या कार्डाच्या हीटसिंकवर लक्ष ठेवा. तांब्याच्या केबलवर चालणारं दहा गिगाबिटचं कार्ड फायबरवाल्यापेक्षा बरंच जास्त तापतं. तुमचं कुठलं आहे?

याचा फायदा किती, ते समजून घ्या. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण पंख्याला लागणारी वीज आठव्या हिश्श्यावर येते आणि आवाज साधारण 15 डेसिबलनं उतरतो. म्हणून 9,000 वरून 4,000 वर येणं म्हणजे थोडाफार फरक नाही, खोलीचं रूपच पालटतं. वीजही वाचते, कारण या वेगाला सहा पंखे मिळून चांगलेच वॅट खातात आणि तेवढी उष्णता परत त्याच खोलीत टाकतात.

रेझिस्टर टाकू नका. बोर्ड पंख्याला वेगाचा हुकूम देतो आणि पंख्याकडून फेऱ्यांचा हिशोब परत घेतो. सांगितलं एक आणि आलं दुसरं, की पंखा बिघडला असं समजून तो बाकीचे पंखे फुल सोडतो. घरच्या पीसीचे शांत पंखे बसवायचा सल्लाही कुणीतरी देईल. टू-यूच्या पेटीत 60 मिलिमीटरचे पंखे हवा डिस्कच्या फटींतून, मग हीटसिंकच्या दाट फिनमधून जोर लावून ओढतात. पीसीच्या पंख्यात तो जोर नसतो. तो शांत फिरेल आणि हवा जागची हलणार नाही.

वेग हातानं ठरवायची कमांडही आहे. 30 30 01 00 दिलं की ताबा तुमच्याकडे, 30 30 02 एफएफ 14 दिलं की सगळे पंखे वीस टक्क्यांवर (हे आकडे सोळाच्या पायात आहेत, तिथला 14 म्हणजे आपला 20), आणि 30 30 01 01 दिलं की पुन्हा ऑटो. पण मराठवाड्यात मे महिन्यात एकच आकडा ठोकून ठेवायचा नाही, हे मी कळकळीनं सांगतो. सीपीयू तापला तर स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतो. डिस्क आणि रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं) तसं करत नाहीत, ते मुकाट्यानं भाजत राहतात. कार्डाची खबरदारी बंद केल्यावर ऑटोच पुरेसा शांत होईल असा माझा अंदाज आहे, तेव्हा आधी तेवढंच करून बघा.

आणखी एक बघा. सीपीयू आणि रॅमवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण जागेवर आहे का? सेकंडहँड मशीनमध्ये ते पुष्कळदा गायब असतं. रिकाम्या डिस्कच्या खाचांत ब्लँक (जागा बुजवणारी झाकणं) आहेत का? ती भोकं मोकळी असली की हवा सोपा रस्ता धरते आणि जिथं जायला हवी तिथं जात नाही.

दुसरी भानगड खोलीची. पंखा खोली थंड करत नाही, तो सर्व्हरमधली उष्णता खोलीत आणून टाकतो, एवढंच. 238 वॅट खाल्ले म्हणजे 238 वॅट उष्णता खोलीत, त्यात सूट नाही. बसलेला माणूस साधारण 100 वॅट सोडतो, म्हणजे त्या आठ बाय सहाच्या बंद खोलीत दोन-तीन पोरं दिवसरात्र दार लावून बसल्यासारखं आहे. याला दीड टनाचा एसी लागत नाही. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. तुम्हाला लागते ती हवेची वाट. तुमचा हॉल कूलरवर आहे का? असेल तर मला काहीतरी सुचतंय.

लातूर_दुरुस्ती:

मी सरळ बोलतो, राग मानू नका. 238 वॅट म्हणजे दिवसाला पावणेसहा युनिट, महिन्याला 170 च्या वर. व्हिडिओ फाइल वाटण्याच्या कामाला एवढं मशीन लागत नाही. एन100 प्रोसेसरचा छोटा पीसी घ्या, त्या चिपचा कंपनीनं ठरवलेला खपच सहा वॅटचा आहे, आणि त्याला दोन मोठ्या डिस्क जोडा. आवाज जवळपास नाही, आणि बॅटरीवर कितीतरी तास चालेल.

ठेवायचाच असेल तर दोनपैकी एक प्रोसेसर काढा. फाइल वाटायला एक भरपूर झाला. तो सॉकेट 2 मधलाच काढायचा. त्याच्या बाजूची रॅम आणि काही स्लॉट बंद पडतात, तेव्हा नेटवर्क कार्ड चालू राहणाऱ्या स्लॉटमध्ये हलवा. रिकाम्या जागी ब्लँक बसवल्याशिवाय चालू करू नका, नाहीतर सगळी हवा तिथूनच निघून जाईल. आणि राहिलेल्या प्रोसेसरचा हीटसिंक उचलून पेस्ट (दोघांमधला उष्णता वाहणारा लेप) बघा. एवढ्या जुन्या मशीनची पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते.

अभ्यासिका_परभणी:

सगळ्यांचे मनापासून आभार. लातूरचे दादा, राग कशाला मानू. तुमचा हिशोब खरा आहे आणि पुढचं मशीन घेताना तोच धरेन. पण या सर्व्हरमध्ये आठ डिस्कवर सगळे तास रेडमध्ये आहेत. दोन वर्षांचं शिकवणं आहे ते. परीक्षेच्या तोंडावर ते हलवायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

वाळूजचे सर, कार्ड फायबरवालंच आहे. काळं झाकण जागेवर आहे. नांदेडच्या दादांनी सांगितलं तसं उघडून बघितलं. हीटसिंकपर्यंत फार कमी पोचलंय, पण पुढच्या डिस्कच्या कॅडीमागे (डिस्क बसते त्या चौकटीमागे), जिथून हवा आत शिरते त्या बारीक भोकांवर, राखाडी लोकरीसारखा पट्टा जमला होता. चिमट्यानं सोलून काढला तर अखंड निघाला. निम्मी भोकं त्याखाली बंद होती.

कार्डाची कमांड दिली. देऊन हात काढते ना काढते तोच आवाज उतरत गेला, आणि हॉलमधली मुलं मान वर करून बघायला लागली. रात्री आता पंखे 4,000 च्या खाली आहेत आणि वीज 190 वॅटच्या आसपास. दुपारी मात्र इनलेट 38-39 च आहे, त्यामुळे पंखे 6,000 च्या वर जातात. म्हणजे तुमची दुसरी भानगड उरलीच.

हो, हॉलला दोन मोठे कूलर आहेत. दुपारी हॉलमध्ये 30-31 असतं.

वाळूज_मेंटेनन्स:

मग एसी विसरा. कूलर बाहेरची कोरडी हवा आत ढकलतो, आणि ती बाहेर पडायला वाट दिली तरच तो काम करतो. आत्ता ती खिडकीतून जात असेल. ती वाट सर्व्हरच्या खोलीतून काढा. हॉल आणि त्या खोलीच्या मधल्या भिंतीत खाली, जमिनीपासून फूटभर वर, जाळीचा झरोका. समोरच्या बाहेरच्या भिंतीत वर, छताजवळ, नऊ इंची एक्झॉस्ट. सर्व्हरचं तोंड झरोक्याकडे, पाठ एक्झॉस्टकडे. हॉलची 31 ची हवा सर्व्हर ओढणार, गरम होऊन ती सरळ बाहेर जाणार.

हवा किती लागते? 200 वॅट काढायला आणि हवा पाच अंशच तापू द्यायची असेल तर मिनिटाला साधारण 70 घनफूट. नऊ इंची एक्झॉस्ट याच्या कितीतरी पट ओढतो, तेव्हा तो हळू वेगावर ठेवलात तरी भागेल.

आवाज झरोक्यातून परत हॉलमध्ये येईल, त्याला उपाय आहे. झरोक्यावर खोलीच्या बाजूनं प्लायची पेटी करा, तिचं तोंड खाली वळवा, आतून जाड काथ्याची चटई चिकटवा. हवा वळून जाते. बारीक, तीक्ष्ण आवाज सरळ रेषेत धावतो, तो वळणावर चटईत मुरतो.

नांदेड_केबलवाला:

सर, पण ती कूलरचीच हवा झाली की. मी वर सांगितलेलं क्षाराचं काय?

वाळूज_मेंटेनन्स:

रास्त शंका आहे. तुमचा स्विच खराब केला तो थेंबांनी आणि त्यातल्या क्षारानं. इथं कूलर हॉलच्या दुसऱ्या टोकाला आहे, मधे पूर्ण हॉल. थेंब तेवढं अंतर हवेत तरंगत राहत नाहीत, उरते ती नुसती दमट हवा. आर720 ला डेलनं 10 ते 80 टक्के सापेक्ष आर्द्रता आणि दवबिंदू 26 अंशांपर्यंत मान्य केलाय. परभणीत मे महिन्यात दुपारी बाहेरची हवा इतकी कोरडी असते की कूलरनंतरही आपण या हद्दीत राहतो. सर्व्हरचे भाग आजूबाजूच्या हवेपेक्षा गरमच असतात, त्यामुळे त्यांच्यावर पाणी धरत नाही. तापमानाचं म्हणाल तर याच मशीनला 35 पर्यंत कायम चालायची मुभा आहे, 40 पर्यंत वर्षातल्या फक्त दहा टक्के तासांना. ताईंकडे दुपारी 39 होतंय, म्हणजे ती उसनी मुभा रोज खर्च होतेय.

पण तुमचं म्हणणं अर्धं घेतोच: झरोक्यावर धुता येईल अशी बारीक जाळी लावा. एसीच्या फिल्टरला असते ती मीटरवर मिळते. जिनिंगच्या दिवसांत दर रविवारी धुवा. आणि पावसाळा लागला की कूलर बंदच असतील. तेव्हा बाहेरची हवाच तिशीच्या आसपास असते, हॉलच्या खिडक्या उघड्या ठेवल्या की हीच वाट चालेल.

नांदेड_केबलवाला:

पटलं. ताई, एक माझ्याकडनं बी. स्लॅबला वरून चुन्याचे दोन हात मारून घ्या, थोडा फेविकॉल मिसळून, म्हणजे पहिल्या पावसात धुऊन जाणार नाही. पश्चिमेच्या भिंतीला हिरवी जाळी बांधा, पण भिंतीपासून फूटभर सुटी. चिकटून बांधली तर जाळी तापून भिंतच तापवती.

अभ्यासिका_परभणी:

झरोका, पेटी, एक्झॉस्ट, चुना, हिरवी जाळी, सगळं झालं. सुताराला काथ्याची चटई आतून का लावायची ते समजावून सांगितलं, तर त्यानं आपणहून पेटीत एक आडवी फळी वाढवून दुसरं वळण दिलं. प्रोसेसरही एक काढला, ब्लँक लातूरहून मागवून घेतला. पेस्ट खरंच वाळून भेगाळली होती.

आता दुपारी चारला इनलेट 33, सीपीयू 52, पंखे 4,200, वीज 150 वॅटच्या आसपास. मोबाइलच्या ॲपवर शेवटच्या रांगेत आधी 58 दाखवायचं, आता 43. ॲप किती खरं धरायचं ते तुम्ही सांगा, पण आता तिथं कूलरचा आवाज जास्त येतो आणि तो कुणाला टोचत नाही.

एक नवीन काळजी आहे. लाईट गेली की सर्व्हर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण कूलर आणि एक्झॉस्ट दोन्ही बंद. खोलीचं दार बंदच असतं. अशा वेळी किती वेळ आहे माझ्याकडे?

वाळूज_मेंटेनन्स:

कमी आहे. तुमच्या खोलीत साधारण बारा घनमीटर हवा. 150 वॅट उष्णता, भिंतींनी काही शोषलं नाही असं धरलं, तर दर दीड मिनिटाला एक अंश. भिंती शोषतात म्हणून प्रत्यक्षात हळू चढेल, पण तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी फार विसंबू नका.

एक्झॉस्ट इन्व्हर्टरवर घ्या. तो 40-50 वॅटच्या आसपास असतो, सर्व्हरच्या मानानं काहीच नाही. कूलर बंद पडला तरी हॉलची हवा लगेच चाळिशीवर जात नाही, तेवढी उसंत मिळते. इन्व्हर्टर शुद्ध साईन वेव्हचाच आहे ना तेही बघा. या सर्व्हरच्या पॉवर सप्लायला चौकोनी वेव्ह मानवत नाही.

सर्व्हरवर दर मिनिटाला इनलेट वाचणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनला (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) लावा. 38 झाले की तुमच्या मोबाइलवर संदेश, 42 झाले की सर्व्हर रीतसर बंद. बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते, ती 'आधी होतं तसं' ऐवजी 'बंद राहा' वर ठेवा. नाहीतर लाईट ये-जा करत असताना तापलेल्या खोलीत सर्व्हर पुन्हापुन्हा उठत राहील. चालू करताना पहिलं मिनिटभर पंखे फुल पळतील, त्याला घाबरू नका, आयड्रॅक ताबा घेईपर्यंत तसंच असतं. आणि लाईट जाऊन आल्यावर एकदा पंख्यांचा वेग बघून घ्या. 9,000 दिसले तर कार्डाची कमांड पुन्हा द्यायची.

ॲपचा आकडा खरा धरू नका, पण त्याच मोबाइलवर त्याच जागी आधी आणि नंतर मोजलं असेल तर फरक धरा.

अभ्यासिका_परभणी:

एक्झॉस्टची वायर आज संध्याकाळीच इन्व्हर्टरच्या बोर्डवर घेते. इन्व्हर्टर साईन वेव्हचा आहे, खोक्यावर बघितलं. स्क्रिप्ट आमच्याकडेच बसणारा एक मुलगा लिहून देतो म्हणालाय. झाली की इथंच टाकते, म्हणजे 42 ची मर्यादा बरोबर बसली का ते तुम्ही बघाल.